फोटोवरून प्राणी ओळखणाऱ्या बॉटने 'खात्री किती' हे कसं दाखवावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव आंबोलीच्या पायथ्याला. गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पक्षी दिसला, फुलपाखरू दिसलं की फोटो टाकायचा आणि विचारायचं हे काय. उत्तरं देणारे आम्ही तीन-चार जण, त्यातले दोघं पुण्यात नोकरीला, मीटिंगमध्ये असलो की फोटो तसाच पडून राहतो. म्हणून मागच्या पावसाळ्यात मी आणि एका मित्राने बसून छोटा बॉट बनवला. फुकट मिळणारं एक मॉडेल घेतलं, नावं मराठीत टाकली, फोटो पाठवला की बॉट नाव सांगणार आणि पुढे टक्के. 'हळद्या, ९४%'. साठच्या वर असेल तर हिरवी बरोबरची खूण, खाली असेल तर पिवळं प्रश्नचिन्ह. लोक जाम खूश, पहिल्या आठवड्यात तर पोरांनी आजोबांचे पण फोटो टाकून बघितले.

आता मुद्दा. गणपतीच्या आधी काकूच्या न्हाणीघरात एक बारीकसा काळा साप निघाला, अंगावर पांढरे आडवे पट्टे. चुलतभावाने दारातूनच फोटो काढून टाकला. बॉट म्हणाला 'कवड्या, ९१%' आणि हिरवी खूण. भावाने नेटवर बघितलं, कवड्या बिनविषारी. झालं, डबा आणि झाडू घेऊन हा आत निघाला, हाताने ढकलून डब्यात घालणार होता. नशीब शेजारच्या वाडीतला सर्पमित्र तेव्हा ग्रुपवर होता, त्याने फोटो बघून थेट फोन लावला, थांब, दार लाव, आलोच. आला आणि बघितलं तर मण्यारीचं पिल्लू.

काही झालं नाही, पण मला दोन रात्री नीट झोप नाही. चूक मॉडेलची म्हणून सोडून देता येत नाही, हिरवी खूण मी लावली होती.

तर प्रश्न असा की टक्के दाखवावेत का? की 'बहुतेक', 'नक्की नाही' असे शब्द? की रंग? की काहीच न दाखवता नुसती नावांची यादी? मित्र म्हणतो मर्यादा साठवरून पंचाण्णववर ने, विषय संपला. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये.

ताडोबाकडचा

राजेहो, मित्राचं ऐकू नका. मर्यादा वाढवून हा आजार जात नाही.

मी कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर स्वयंसेवक म्हणून काम केलंय, चंद्रपूर भागात. गवत हललं, सावली सरकली की कॅमेरा क्लिक करते, मग एका कार्डात हजारो फोटो आणि त्यातले ढीगभर रिकामे. ते चाळायला मेगाडिटेक्टर नावाचं टूल वापरतात, ते फक्त एवढंच सांगते की फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की गाडी आहे, आणि सोबत शून्य ते एक असा आकडा देते. आता गंमत ऐका. त्याच्या चौथ्या आवृत्तीत लोक साधारण ०.८ च्या वरचं खरं धरायचे. २०२२ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि बनवणाऱ्यांनीच सांगितलं की आता ०.२ च्या आसपास मर्यादा ठेवा. टूल तेच, काम तेच, उलट नवी आवृत्ती जास्त चांगली, पण जुन्याच्या ०.८ ला नव्यात ०.२! म्हणजे तो आकडा टक्के नाहीच मुळी, ती त्या मॉडेलची स्वतःची पट्टी आहे. एखादा मास्तर पेपर सैल तपासते, एखादा कडक, तसं समजा. तुमच्या बॉटचे ९१ कोणत्या मास्तरचे आहेत ते आधी बघा.

दुसरं म्हणजे प्रमाण. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते आणि ३ कोटी ४८ लाखांच्या वर फोटो आले. त्यातले वाघाचे किती, तर ७६,६५१. हजारात जेमतेम दोन. आता समजा एखादं मॉडेल वाघ नसलेल्या फोटोला शंभरात फक्त एकदा चुकून वाघ म्हणते. ऐकायला किती भारी वाटते, पण साडेतीन लाख खोटे वाघ तयार झाले ना, खऱ्यांच्या चौपट! जे दुर्मिळ आहे त्याच्याबद्दल मशीन खात्रीने बोलली की मी तर जास्त घाबरतो.

आमच्याकडे तो आकडा माणसाला दाखवतच नाही. तो फक्त ढीग लावायला, आधी कोणते फोटो बघायचे आणि कोणते मागे टाकायचे एवढ्यापुरता. शेवटी बघते माणूसच.

पाकोळी

साप मला कळत नाहीत, फुलपाखरांचं सांगते.

आमच्या सोसायटीच्या मागे रुईची झुडपं आहेत त्यामुळे प्लेन टायगर, म्हणजे आपला बिबळ्या कडवा, वर्षातले बरेच महिने असतो. अळी रुई खाते म्हणून फुलपाखरू कडवट, पक्षी तोंड लावत नाहीत. याचा फायदा डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी घेते, तिने हुबेहूब त्याचाच वेश घेतलाय, तीच नारिंगी, तीच काळी टोकं, तेच पांढरे ठिपके, उडण्याची ढब सुद्धा तीच संथ. पक्षी हजारो वर्षं फसतायत तर तुमच्या मॉडेलचं काय घेऊन बसलात :D

एका ॲपने मला अशाच मादीला प्लेन टायगर ९७ टक्के सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि पुढे गेले. फोटो घरी मोठा करून बघितला तेव्हा लक्षात आलं, प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळ्या ठिपक्यांचा पुंजका असतो, तीन किंवा चार, आणि माझ्या फोटोत फक्त एकच ठिपका, तोही पंखाच्या वरच्या कडेला. मॉडेल चुकलं याचं मला काही वाटलं नाही, पण ९७ वाचल्यावर मी बघणंच थांबवलं याचं वाटलं. नाव मिळालं की डोळे मिटतात आपले. त्याच जागी ॲपने 'हे दोनपैकी एक, मागच्या पंखावरचे ठिपके मोजा' असं म्हटलं असतं तर मी तिथेच गुडघ्यावर बसून मोजले असते की!

आयनॅचरलिस्ट म्हणून फोटोवरून प्राणी-झाडं ओळखायचं ॲप आहे, त्यात मला एक गोष्ट आवडते. नेहमीच्या वापरात ते टक्के तोंडावर फेकत नाहीत. 'अमुक जीनसमधलं असल्याची आम्हाला बरीच खात्री आहे' असं वर (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट), आणि खाली जवळपासच्या शक्यता, प्रत्येकाचा फोटो, आणि 'दिसायला सारखं', 'या भागात अपेक्षित' अशा दोन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या लिहितात. ते वेगळं लिहिणं महत्त्वाचं आहे. दिसतं तसं पण इथे सापडतच नाही, हे कळलं तर माणूस थबकतो. त्यांचंच दुसरं ॲप आहे सीक, त्यात तर सात गोल असतात, सृष्टीपासून जातीपर्यंत. कॅमेरा धरला की एकेक गोल भरत जातो, आणि कुळापाशी अडकला तर तिथेच अडकतो. पोरांना न सांगता कळतं की अजून जवळ जा, दुसऱ्या बाजूने काढ. आकडा एकही नाही.

नुसताच_वाचक

+१ पाकोळी. 'नाव मिळालं की डोळे मिटतात' हे खरंय, माझं तर पक्ष्यांच्या बाबतीत रोज होतं.

बंगळूरकर

इंजिनिअरच्या बाजूने थोडं, कंटाळवाणं वाटलं तर सोडून द्या.

घाटमाथा, तुमचे ९१ कुठून आले ते सांगतो. बहुतेक अशा मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स असतं. त्याचा नियम एकच, शंभर रुपये दिलेत, ओळखीच्या लोकांत वाटून टाक, एकही परत आणायचा नाही. 'यातलं कोणीच नाही' असा पर्याय बहुतेक वेळा नसतोच. म्हणजे आंबोलीतला एखादा बेडूक, ज्याचे फोटो मॉडेलने जन्मात बघितले नाहीत, तो दिलात तरी शंभरच्या शंभर वाटावेच लागतात, आणि जो त्यातल्या त्यात सारखा दिसतो त्याच्या पदरात ८५ पडतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण हा पोहरा रिकामा वर येतच नाही, काहीतरी भरूनच येतो. सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त इथेच सापडणाऱ्या जातींचं हेच दुखणं आहे. आंबोलीत सापडणाऱ्या एका टोडला (बेडकाचाच भाऊबंद) शास्त्रीय नावच २००९ मध्ये मिळालं, त्याचे जगात फोटो किती असणार? आयनॅचरलिस्टच्या मॉडेलमध्ये जात यायला सुद्धा साधारण शंभरेक फोटो लागतात.

दुसरी गोष्ट, आधुनिक न्यूरल नेटवर्क स्वभावाने फुशारकी मारतात. २०१७ च्या एका गाजलेल्या पेपरने हे मोजून दाखवलं, की नेटवर्क जितकी खात्री दाखवतात तितकी बरोबर नसतात, आणि जुनी छोटी नेटवर्क याबाबत उलट बरी होती. उपायही साधा दिला, टेंपरेचर स्केलिंग. आतले आकडे सॉफ्टमॅक्सला देण्याआधी एका संख्येने भागायचे, ती संख्या तुमच्या स्वतःच्या तपासलेल्या फोटोंवरून ठरवायची. पहिला नंबर ज्याचा त्याचाच राहतो, फक्त मिजास उतरते.

पण त्याच्याही आधी एक काम करा, कोड नको, वही चालेल. ग्रुपवरचे जुने फोटो घ्या ज्यांची ओळख जाणकारांनी पक्की केली आहे. बॉटला परत दाखवा. ५० ते ६० चा एक ढीग, ६० ते ७० चा एक, असं ९० च्या वरपर्यंत. प्रत्येक ढिगात खरे किती निघाले ते मोजा. ९० च्या ढिगात शंभरातले नव्वद बरोबर असतील तर आकडा दाखवायच्या लायकीचा. सत्तरच असतील तर तो आकडा खोटं बोलतोय, आणि खोटं बोलणारा आकडा लाल रंगात दाखवा नाहीतर हिरव्या, काय फरक पडतो? आणि हे पक्षी, फुलपाखरं, बेडूक, साप यांचं वेगवेगळं करा, एकत्र सरासरी काढलीत तर पक्षी सगळ्यांना झाकून टाकतील.

कात

मी सर्पमित्र आहे. पंधरा वर्षं करतोय.

टक्केबिक्के सापाला नको. संपला विषय.

मण्यार आणि कवड्या यात फरक आहे, आम्हाला दिसतो. मण्यारीचे पट्टे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बारीक, बहुतेक जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत जातात. कवड्याचे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी. आता हे सगळं न्हाणीघरातल्या चाळीसच्या बल्बमध्ये, वेटोळं घातलेल्या हातभर पिल्लाच्या फोटोत कोणाला दिसणार आहे? बॉटला नाही दिसणार आणि भावाला तर नाहीच नाही. अजगराचं पिल्लू म्हणून घोणस हातात घेतलेली माणसं बघितली आहेत मी, मांजऱ्या समजून फुरशाला हात घातलेली पण. आणि मण्यार चावली तर फार दुखत पण नाही, सूज नाही, माणूस मुंगी चावली म्हणून झोपतो.

तुमच्या बॉटने पक्षी चुकवला तर वहीत चुकीचं नाव जाईल. साप चुकवला तर माणूस जाईल. दोघांना एकच ९१ कसा चालेल?

आणि ती हिरवी खूण. समजा बॉटने बरोबर ओळखलं असतं, 'मण्यार ९६%' आणि पुढे हिरवी टिक. गावातल्या माणसाला हिरवं म्हणजे काय? सगळं ठीक. खात्रीचा रंग आणि धोक्याचा रंग एकच ठेवलात तुम्ही.

घाटमाथा

कात, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं, खरंच. आम्ही तासभर हिरवा कोणता शेड घ्यायचा यावर वाद घातला होता.

मोकळा_मास्तर

मी थोडं उलट बोलतो, रागावू नका.

तुम्ही सगळे म्हणताय की आकडा लोकांना कळत नाही म्हणून दाखवू नका. शाळेत शिकवतो म्हणून सांगतो, 'लोकांना कळत नाही' या वाक्याने आपल्याकडे फार गोष्टी लपवल्या गेल्यात. लोकांना कळतं. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे काय हे कोकणातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि रेड आला की शाळेला सुट्टी हे तर पोटात असल्यापासून माहीत आहे. रंग चार, पण प्रत्येक रंगामागे काय करायचं ते ठरलेलं आहे. हिरवा काही नाही, पिवळा लक्ष ठेवा, केशरी तयारीत राहा, लाल म्हणजे हाला. तो रंग नुसतं 'पाऊस पडेल याची आम्हाला किती खात्री' एवढं सांगत नाही, तुम्ही काय करा ते सांगतो. तसं करा ना.

आणि ज्याला आकडा हवा त्याला तो मिळू दे, खाली 'आकडे बघा' असं बटण ठेवा. माझ्या नववीच्या पोरांना मी तेच दाखवीन, की बघा, ४१, ३८, ९ असे वाटलेत, म्हणजे यंत्र दोघांत अडकलंय. नुसतं पहिलं नाव दाखवलं तर ते ४१ आणि ३८ मधलं भांडण कोणाला कळणार? पहिल्या दोन नंबरांतलं अंतर मला पहिल्या नंबरापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

बंगळूरकर

मास्तर, अंतराचं अगदी मान्य. ४१-३८ मध्ये जातीचं नाव सांगूच नये, दोन्ही ज्या जीनसमध्ये आहेत तिथवर चढून थांबावं, शेंड्याची फांदी हलतेय तर बुंध्याजवळच्या फांदीवर बसा. गूगलने २०२५ मध्ये कॅमेरा ट्रॅपसाठी स्पीसीजनेट खुलं केलं त्यात हेच आहे, जातीची खात्री नसली तर वरच्या गटाचं नाव देतं, आणि त्या देशात नसलेले प्राणी गाळतं.

पण एक फट आहे, आधीच सांगून ठेवतो. मण्यार आणि कवड्या एका कुळातले नाहीत. त्या दोघांत अडकल्यावर वर चढत गेलात की थेट 'साप' एवढंच उरतं. शास्त्राच्या झाडावर लांब असलेली पण डोळ्याला जुळी दिसणारी जोडपी, त्यांची यादी हाताने करावी लागेल, कात यांच्यासारख्या माणसाकडून. मण्यार-कवड्या, फुरसे-मांजऱ्या, घोणस-अजगर. पाकोळींचे ते कडवा आणि एगफ्लाय पण त्यातच.

ताडोबाकडचा

यादी करा पण बॉटला फोटोचा दर्जाही बघायला लावा ना बाप्पा. आमच्याकडे रात्रीचे फोटो इन्फ्रारेडचे, सगळं करडं. फक्त पार्श्वभाग आलेलं सांबर काय आणि नीलगाय काय. 'फोटोत पुरेसं दिसत नाही' हे एक उत्तर असू शकते हे बनवणारे विसरतात.

घाटमाथा

आठ दिवसांनी परत आलोय. वहीचा प्रयोग केला, शनिवार-रविवार दोन्ही गेले, बायको म्हणाली एवढी मेहनत दहावीला केली असतीस तर. पक्ष्यांचे ढीग बऱ्यापैकी सरळ निघाले. फुलपाखरं ठीक, आणि जिथे चुकली तिथे बरीचशी नकलाकार मंडळीच. बेडकांनी मात्र पार वाट लावली, नव्वदच्या वरच्या ढिगात चुकलेल्यांची रांग, त्यातले कितीतरी इथलेच, ज्यांचं नाव मॉडेलच्या यादीत नाहीच. आणि सापांचे फोटो इतके कमी की ढीग लावण्यात अर्थच नव्हता, यावरून काय ते कळलं.

तर आता असं केलंय. टक्के बाहेर नाहीत, 'आकडे' असं लिहून पाठवलं तरच येतात (मास्तरांसाठी खास). बेडकांना जातीचं नाव बंद, 'बेडूक, इथले बरेच बेडूक फोटोवरून सुटत नाहीत, आवाज रेकॉर्ड करून टाका' एवढंच. पक्ष्यांना नाव आणि सोबत 'यासारखाच दिसतो' म्हणून दुसऱ्याचा फोटो. जुळ्यांच्या यादीतलं काही निघालं तर नाव न देता काय मोजायचं ते सांगतो. रंग काढलेच, एक लाल सोडून. आणि तो लाल फक्त सापांसाठी, कुठलाही साप असो, मॉडेल काहीही म्हणो. त्याचा मेसेज कात यांच्याकडून फोनवर लिहून घेतला:

'हा साप आहे. विषारी आहे असंच समजा. दार लावा, लांबून नजर ठेवा, हात किंवा काठी लावू नका. सर्पमित्राला निरोप गेला आहे. कोणाला चावला असेल तर वाट न बघता १०८ ला फोन करा.'

निरोप खरंच जातो, ते जोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आतमध्ये मॉडेलने काय नाव काढलं ते फक्त सर्पमित्रांना दिसतं.

काल काकूच्याच फोनवरून तो जुना फोटो पाठवून तपासलं. मेसेज बरोबर आला. काकूने चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाली, "साप आहे ते मला पण दिसतंय रे, एवढ्यासाठी मशीन कशाला केलंस?"

कात

काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि काल रात्री साडेअकराला फोन वाजला तो तुमच्या तपासणीचा होता तर, मी पँट चढवून गाडीला किक मारली होती. पुढच्या वेळी आधी कळवा.